कायद्याचे शिक्षण आणि वकिलीची वाटचाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे आणि कोकणातील विधी विद्यार्थी व त्यांचे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात आधी कोणी वकील झालेले नाही, हे ध्यानात ठेवून ती लिहिली आहेत. प्रवेशाचे आणि परीक्षांचे नियम बदलत असतात, त्यामुळे प्रत्यक्ष अर्ज भरताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका किंवा जाहिरात हीच अंतिम मानावी.

१. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा की पदवी करून मग तीन वर्षांचा?

दोन्ही मार्गांनी मिळणारी एलएल.बी. आणि नंतरची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, यांत कायद्याने काहीही फरक नाही. वकील व्हायचे हे बारावीलाच पक्के असेल, तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एक वर्ष वाचते. मुंबई विद्यापीठाच्या बी.एल.एस. एलएल.बी.मध्ये पहिली दोन वर्षे अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांत जातात आणि कायद्याचे मुख्य विषय तिसऱ्या वर्षापासून सुरू होतात. ही दोन वर्षे ‘फुकटची’ समजून अनेक जण वाया घालवतात. वाचनाची सवय आणि इंग्रजी लेखन याच काळात घडवता येते, पुढे तेवढी सवड मिळत नाही.

वाणिज्य, अभियांत्रिकी किंवा विज्ञानाची पदवी घेऊन तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला येणाऱ्यांचाही फायदा आहे. ज्याला ताळेबंद वाचता येतो, तो करविषयक किंवा दिवाळखोरीच्या प्रकरणांत लवकर उपयोगी पडतो. मन पक्के नसेल, तर आधी आवडीची पदवी पूर्ण करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

२. सीईटी द्यावी की क्लॅट? दोन्ही दिल्या तर चालतील का?

चालतील, आणि तयारी बरीचशी सामाईक असल्याने पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दोन्ही देणे शहाणपणाचे आहे. महाराष्ट्रातील शासकीय, अनुदानित आणि खासगी विधी महाविद्यालयांतील प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या सीईटीवरून होतात. पाच वर्षांच्या आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांसाठी दोन वेगळ्या परीक्षा असतात. प्रश्न मराठीतही उपलब्ध असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये. क्लॅट राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी असते. ती इंग्रजीतच होते आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. महाराष्ट्रात अशी तीन विद्यापीठे आहेत : मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर.

पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला हे गुण बारावीचे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवीचे धरले जातात. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही सीईटी देता येते, मात्र प्रवेशाच्या वेळी निकाल हाती असावा लागतो.

३. मुंबईत कोणते कॉलेज चांगले? गव्हर्नमेंट लॉ कॉलेज मिळाले नाही तर सगळे संपले का?

मुळीच नाही. चर्चगेटचे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ सालचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे प्राध्यापक होते आणि पुढे प्राचार्यही झाले. शासकीय असल्याने तेथील फी अत्यंत कमी आहे. शिवाय उच्च न्यायालय चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे तेथील विद्यार्थी सकाळचे वर्ग आटोपून चेंबरला, म्हणजे वकिलाच्या कार्यालयात, जाऊ शकतात. या कारणांमुळे तेथील कट-ऑफ फार वर जातो.

ते न मिळाल्यास पसंतीक्रम लावताना मी तीन गोष्टी पाहायला सांगेन. पहिली, वर्ग प्रत्यक्षात नियमित भरतात का. ही गोष्ट माहितीपत्रकात सापडत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारावी लागते. दुसरी, मूट कोर्ट (सरावासाठीचे अभिरूप न्यायालय) आणि विधी सहाय्य केंद्र केवळ फलकापुरते आहे की चालते. तिसरी, घर ते कॉलेज आणि कॉलेज ते फोर्ट (जेथे उच्च न्यायालय आहे) या प्रवासाचे गणित. बदलापूरला राहणाऱ्या विद्यार्थ्याने विलेपार्ल्याचे कॉलेज केवळ नावासाठी घेतले, तर दिवसाचे चार तास लोकलमध्ये जातात आणि इंटर्नशिपला वेळच उरत नाही. अशा वेळी ठाण्याचे साधे पण नियमित चालणारे कॉलेज अधिक उपयोगी ठरते. महाविद्यालयाला बार कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे विधी शिक्षण आणि वकिलीचे नियम करणाऱ्या संस्थेची, मान्यता त्या वर्षापुरती चालू आहे ना, हे मात्र कॉलेज कोणतेही असले तरी तपासावेच.

४. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. कायदा जमेल का?

जमेल, पण भाषेची अडचण नाकारून चालणार नाही. सीईटी मराठीत देता येते आणि सनदेनंतरची अखिल भारतीय बार परीक्षाही मराठीत देता येते. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांच्या माध्यमाबाबत प्रवेश घेतानाच कार्यालयात विचारून घ्यावे आणि परीक्षा अर्जात ते अचूक नोंदवावे.

पुढे काम कोठे करायचे यावर भाषेचा प्रश्न ठरतो. राज्यातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. फिर्याद, पंचनामा, जबाब, सातबारा, फेरफार ही सगळी कागदपत्रे मराठीत असतात आणि ती अचूक वाचणारा वकील तेथे मोलाचा असतो. उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र इंग्रजीत चालते, त्यामुळे ज्याला फोर्टमध्ये उभे राहायचे आहे त्याला इंग्रजी टाळता येणार नाही. यासाठी महागड्या संभाषण वर्गांपेक्षा एक साधा उपाय अधिक गुणकारी आहे : रोज उच्च न्यायालयाच्या एका निकालाची चार पाने वाचायची आणि त्यातील वस्तुस्थिती स्वतःच्या इंग्रजीत दहा ओळींत लिहायची. मराठी परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश हाताशी ठेवावा. ‘डिक्री’ला हुकूमनामा आणि ‘इन्जंक्शन’ला मनाई हुकूम हे शब्द ज्याला दोन्ही भाषांत सहज येतात, त्याच्याकडे अशिलाला समजावून सांगण्याची ताकद असते.

५. नोकरी सांभाळून एलएल.बी. करता येते का? हजेरीचे काय?

प्रामाणिक उत्तर असे की नोकरीच्या वेळा जुळत असतील तरच. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या विधी शिक्षण नियमांनुसार प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. अपवादात्मक कारण असल्यास ती ६५ टक्क्यांपर्यंत शिथिल होऊ शकते. पत्राद्वारे केलेली एलएल.बी. सनदेसाठी ग्राह्य धरली जात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने काढलेल्या परिपत्रकानुसार विद्यार्थ्याने आपण नोकरी करतो का हे जाहीर करायचे असते आणि करत असल्यास मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र द्यायचे असते. ‘हजेरी सांभाळून घेतो’ असे सांगणाऱ्या कोणावरही विसंबून प्रवेश घेऊ नये, कारण हा प्रश्न सनदेच्या अर्जाच्या वेळी पुन्हा उभा राहू शकतो. सकाळचे वर्ग आणि दुपारची पाळी हे समीकरण मुंबईत अनेकांनी यशस्वी केले आहे. दिवसभराची नोकरी असेल, तर प्रवेशाआधीच वरिष्ठांशी लेखी बोलणी करावीत.

६. फी आणि सवलतींसाठी कोणती कागदपत्रे लागतात?

जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास ही कागदपत्रे सीईटीच्या निकालाची वाट न पाहता काढून ठेवावीत. जात वैधतेला वेळ लागतो आणि त्यावाचून राखीव जागा हातची जाते. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून राज्य शासनाने केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली आहे. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असावे लागते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ मिळेल असे गृहीत धरू नये.

७. परीक्षेपुरत्या नोट्स वाचल्या तर पुरेसे नाही का?

उत्तीर्ण होण्यापुरते पुरेसे होईल, वकिलीपुरते होणार नाही. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विषयाचा मूळ कायदा, म्हणजे बेअर ॲक्ट, समोर ठेवूनच पाठ्यपुस्तक वाचावे. कराराच्या कायद्यातील कलम १० वाचताना प्रत्येक शब्दाखाली थांबून ‘हा शब्द नसता तर काय झाले असते’ असे स्वतःला विचारावे. ‘मुक्त संमती’ हे दोन शब्द पुढच्या अनेक कलमांना कसे जोडलेले आहेत, हे अशा वाचनात आपोआप उलगडते. न्यायालयात प्रश्न येतो तो कलमातल्या शब्दावर, नोट्समधल्या मथळ्यावर नाही. बार परीक्षेत टीपा नसलेला मूळ कायदाच सोबत नेता येतो (प्रश्न १३ पाहा), त्यामुळे ही सवय तेथेही उपयोगी पडते.

एटीकेटी राहिली तर खचून जाण्याचे कारण नाही, पण ती शेवटच्या वर्षापर्यंत साचू देऊ नये. सर्व विषय सुटल्याशिवाय सनदेचा अर्ज करता येत नाही.

८. नवे फौजदारी कायदे आले आहेत. मग जुना भारतीय दंड विधान शिकायचा की सोडायचा?

दोन्ही शिकायचे. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाले. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड विधानच लागू राहते, आणि त्या दिवशी प्रलंबित असलेले तपास व खटले जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार चालतात. याचा अर्थ असा की आज किल्ला कोर्टात किंवा दिंडोशीला उभ्या राहणाऱ्या वकिलाच्या बॅगेत एकाच दिवशी दोन्ही कायदे असतात, आणि ही स्थिती आणखी बरीच वर्षे टिकेल.

कलमांचे आकडे पाठ करताना येथे एक फसगत होते. जुन्या प्रक्रिया संहितेतील कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, ज्याखाली गुन्हा रद्द करण्याचे अर्ज होत. नव्या संहितेत कलम ४८२ अटकपूर्व जामिनाचे आहे आणि अंगभूत अधिकार कलम ५२८ मध्ये गेले आहेत. एखाद्या निकालात नुसते ‘कलम ४८२’ दिसले, तर आधी निकालाची तारीख आणि संहितेचे नाव पाहावे. खुनाचे ३०२ आता १०३ झाले, फसवणुकीचे ४२० आता ३१८ झाले. अशी दोन रकान्यांची वही प्रत्येकाने स्वतःच्या हाताने तयार करावी. छापील तक्ता विकत मिळतो, पण लिहिताना शब्दरचनेत झालेले बदल लक्षात येतात आणि खरा अभ्यास तोच आहे.

९. इंटर्नशिप किती करावी लागते आणि कोठे करावी?

नियमानुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप आवश्यक आहे. कोणत्याही एका वर्षी ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नसावी, आणि संपूर्ण शिक्षणकाळात खटला चालवणाऱ्या तसेच अपिलाचे काम करणाऱ्या वकिलांकडे किमान एकदा काम केलेले असावे, असेही नियम सांगतो. इंटर्नने पांढरा शर्ट, काळी टाय आणि काळा कोट घालावा. गळ्याचे पांढरे बँड आणि गाऊन सनदधारकांसाठीच आहेत.

आता नियमापलीकडचे. बहुतेक विद्यार्थी पहिल्याच सुट्टीत मोठ्या लॉ फर्मच्या मागे लागतात. माझा आग्रह उलटा आहे : पहिली इंटर्नशिप खालच्या कोर्टातील वकिलाकडे करावी. मुंबईत त्यासाठी धोबी तलावचे लघुवाद न्यायालय, म्हणजे स्मॉल कॉजेस कोर्ट, फार चांगले आहे. सकाळी दालनाबाहेर लावलेला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहायचा, आपल्या मॅटरचा (प्रकरणाचा) क्रमांक टिपायचा आणि आत मागच्या बाकावर बसायचे. पुकारा होतो, एक बाजू तारीख मागते, दुसरी हरकत घेते, न्यायाधीश खर्च बसवून तारीख देतात आणि हे सारे दीड मिनिटात संपते. नंतर उलटतपासणी सुरू होते तेव्हा पाहावे : भाडेपावतीवरील नाव, वीजबिल, रेशनकार्ड असे एकेक कागद साक्षीदारासमोर ठेवून वकील त्याच्याकडून काय कबूल करून घेतो आणि कोणता प्रश्न मुद्दाम विचारत नाही. साक्षीपुराव्याच्या कायद्याचे पुस्तक यानंतर वाचले की ते निराळेच वाटते.

संध्याकाळी त्या दिवशीचा रोजनामा, म्हणजे कोर्टाने केलेली कामकाजाची नोंद, वाचून आपण पाहिलेल्या गोष्टीतले नेमके काय नोंदले गेले, हे ताडून पाहावे. पुढच्या सुट्ट्यांत सत्र न्यायालय, वांद्रे-कुर्ला संकुलातील कुटुंब न्यायालय, उच्च न्यायालयाची ओरिजिनल साइड (थेट तेथेच दाखल होणारी प्रकरणे) व अपील साइड (खालच्या कोर्टांवरील अपिले) आणि राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण किंवा महारेरा (बिल्डरविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे राज्याचे प्राधिकरण) असा फेरा घालता येतो. फर्मची इंटर्नशिप चौथ्या-पाचव्या वर्षी करावी. तेव्हा तुमच्या हातून काहीतरी काम होऊ शकते आणि नोकरीचा विचारही तेव्हाच होतो.

न्यायालय हे खुले असते. इंटर्नशिप मिळाली नाही म्हणून घरी बसू नये. ओळखपत्र घेऊन जावे, मोबाइल बंद ठेवावा आणि शांतपणे ऐकावे. काही मोजक्या इन-कॅमेरा, म्हणजे बंद दालनात चालणाऱ्या, प्रकरणांखेरीज कोणी अडवत नाही.

१०. घरात कोणी वकील नाही. चांगले सिनियर कसे शोधावेत?

वर सांगितल्याप्रमाणे कोर्टात बसलात, तर पंधरा दिवसांत तुमच्याच लक्षात येते की कोण तयारी करून येतो, कोण ज्युनियरला मॅटर चालवू देतो आणि कोण सर्वांसमोर ज्युनियरवर ओरडतो. अशा दोन-तीन नावांकडे प्रत्यक्ष भेटून, एका पानाचा बायोडेटा देऊन विचारावे. ओळख लागतेच असे नाही. ‘सर, मी तुमची अमुक तारखेची उलटतपासणी मागे बसून ऐकली’ या एका वाक्याचा परिणाम शिफारशीच्या चिठ्ठीपेक्षा अधिक होतो, कारण ते खरे असते.

जेथे महिन्याला पुष्कळ पण साधी प्रकरणे येतात, ते चेंबर पहिल्या दोन वर्षांसाठी उत्तम. तेथे वकालतनामा भरण्यापासून फाइलिंग, ऑफिस ऑब्जेक्शन (न्यायालयाच्या कार्यालयाने, म्हणजे रजिस्ट्रीने, काढलेल्या त्रुटी) दूर करणे, तातडीच्या सुनावणीसाठी प्रेसिपी (लेखी विनंती) देणे हे सगळे हाताखालून जाते. ही कामे हलकी समजू नयेत. रजिस्ट्रीचा आक्षेप वेळेत न काढल्यामुळे भरभक्कम याचिकाही बोर्डावर येत नाही.

११. सुरुवातीला किती पैसे मिळतात? घर चालेल का?

मुंबईत पहिली दोन-तीन वर्षे ओढाताणीची असतात, हे पालकांना आधीच सांगून ठेवावे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० रुपये आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे परिपत्रक काढले. पण ते शिफारशीच्या स्वरूपाचे आहे आणि प्रत्यक्षात अनेक चेंबरमध्ये याहून कमी मिळते. रुजू होण्यापूर्वी रक्कम, कामाच्या वेळा आणि स्वतःची प्रकरणे घेण्याची मुभा या तिन्ही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. विचारण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. प्रवासखर्चही न देता दिवसभर राबवून घेणाऱ्याकडे ‘शिकायला मिळते’ म्हणून वर्षानुवर्षे राहू नये. घरची जबाबदारी तातडीची असेल, तर आधी काही वर्षे कंपनीत किंवा फर्ममध्ये नोकरी करून मग कोर्टात येणे हा मार्गही सन्मानाचाच आहे (प्रश्न १६ पाहा).

१२. मुंबईत कोणत्या विषयाला काम आहे?

कंपनी कायदा, रोखे बाजार, लवाद आणि दिवाळखोरी यांचे मोठे काम येथे आहे, कारण सेबी, रोखे अपील न्यायाधिकरण आणि मोठ्या कंपन्यांची कार्यालये याच शहरात आहेत. त्याबद्दल सगळेच बोलतात. ज्याबद्दल कमी बोलले जाते आणि जे मराठी भाषक विद्यार्थ्याच्या आवाक्यात अधिक सहज येते, ते घरांचे काम.

या शहरात चाळ, पागडी, सहकारी गृहनिर्माण संस्था, झोपडपट्टी पुनर्वसन आणि पुनर्विकास यांतून रोज वाद उभे राहतात. बृहन्मुंबईत महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खालचे दावे लघुवाद न्यायालयातच चालतात. गृहनिर्माण संस्थेतील वाद १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात, तर बऱ्याच तक्रारी उपनिबंधकांकडे सुटतात. बिल्डरने ताबा दिला नाही तर रेरा हा स्थावर संपदा कायदा, अभिहस्तांतरण (जमीन-इमारतीची मालकी संस्थेच्या नावे) करून दिले नाही तर १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा सदनिका मालकी कायदा. हे पाच-सहा कायदे आणि त्यांची सरहद्द ज्याला नीट कळते, तो अशिलाला चुकीच्या दारात उभे करत नाही, आणि त्याच्याकडे एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत कामे येत राहतात. लालबाग-परळच्या आजोबांना पुनर्विकासाचा करार त्यांच्या भाषेत वाचून दाखवणारा वकील हवा असतो. ही गरज खरी आहे आणि ती भागवणारे अजून फार थोडे आहेत.

१३. सनद केव्हा मिळते? बार परीक्षा नापास झालो तर?

एलएल.बी.चा अंतिम निकाल लागल्यावर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणीचा अर्ज करायचा असतो. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नोंदणी शुल्क अधिवक्ता अधिनियमात सांगितल्यापेक्षा जास्त घेता येणार नाही. सर्वसाधारण प्रवर्गासाठी ते ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. मुद्रांक शुल्क वेगळे.

नोंदणीनंतर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी ही परीक्षा वैध ठरवली. शंभर बहुपर्यायी प्रश्न असतात, गुण कापले जात नाहीत, आणि उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या व इतर मागास प्रवर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. नापास झाल्यास पुन्हा बसता येते. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने शेवटच्या सत्रातील विद्यार्थ्यांनाही परीक्षेला बसू देण्याचे आदेश दिले होते, म्हणून अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी अधिसूचना निघताच पात्रतेचा भाग वाचावा.

१४. मला थेट न्यायाधीश व्हायचे आहे. एलएल.बी. होताच परीक्षा देता येईल का?

सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालानुसार दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली आवश्यक झाली आहे. २००२ साली काढून टाकलेली अट अशा रीतीने परत आली. ही तीन वर्षे तात्पुरत्या नोंदणीच्या दिवसापासून मोजली जातात, बार परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून नव्हे. किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचे प्रमाणपत्र आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याचे पृष्ठांकन लागते. न्यायाधीशांकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही धरले जाते.

म्हणून अंतिम निकाल लागताच नोंदणीचा अर्ज करावा. येथे घालवलेले सहा महिने पुढे एक पूर्ण जाहिरात चुकवू शकतात. ही परीक्षा महाराष्ट्रात लोकसेवा आयोगामार्फत पूर्व, मुख्य आणि मुलाखत अशा टप्प्यांत होते, आणि उमेदवाराला मराठी वाचता, लिहिता, बोलता येणे व भाषांतर करता येणे अपेक्षित असते. तीन वर्षांची वकिली नावापुरती दाखवून क्लासमध्ये बसण्याचा सल्ला काही जण देतात. मी तो देणार नाही. हजर झालेल्या प्रकरणांची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

१५. सॉलिसिटरची परीक्षा म्हणजे काय? ती अजून असते का?

असते, आणि ती मुंबईची खास परंपरा आहे. पूर्वी उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडला अशिलाचे काम घेऊन कागदपत्रे तयार करणारे सॉलिसिटर आणि न्यायालयात बाजू मांडणारे वकील असे दोन वेगळे वर्ग होते. ती सक्ती १९७०च्या दशकात संपली, तरी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ही परीक्षा आजही घेते. त्यासाठी सॉलिसिटरकडे तीन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करावी लागते. परीक्षा अवघड आहे. मालमत्ता हस्तांतरण, दस्तऐवज लेखन आणि फर्ममधील काम हेच ध्येय असेल, तर तिचे वजन मोठे आहे. खटले चालवायचे असतील, तर तिच्यावाचून काही अडत नाही.

१६. कंपनीत नोकरी लागली तर सनदेचे काय करायचे?

पूर्णवेळ पगारी नोकरी असताना वकिली करता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियम ४९ सांगतो. नोकरी लागताच राज्य बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी आणि परत येताना ती पूर्ववत करून घ्यावी. हे न कळवणे हे गैरवर्तन ठरू शकते. एक अपवाद उपयोगी आहे : दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नसेल, तर वकिली करतानाच विधी महाविद्यालयात शिकवता येते.

१७. माझी पदवी मुक्त विद्यापीठाची आहे. प्रवेश मिळेल का?

दहावी, बारावी रीतसर उत्तीर्ण होऊन मग यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल, तर मिळेल. बारावी न करता थेट पदवीला प्रवेश घेतला असेल, तर ती पदवी खरी असूनही विधी शिक्षण नियमांनुसार एलएल.बी.साठी पात्र ठरत नाही. दरवर्षी काही विद्यार्थ्यांना हे प्रवेशानंतर कळते, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

१८. एलएल.बी. करताना एम.कॉम.ही करू शकतो का?

नियमित एम.कॉम. करता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली असली, तरी बार कौन्सिलच्या नियमांत दुसऱ्या नियमित अभ्यासक्रमाला मनाई आहे. विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम आणि भाषा किंवा संगणकाचे अल्पमुदतीचे अर्धवेळ प्रमाणपत्र यांना सूट आहे.

१९. माझे वय ४८ आहे. आता वकील होता येईल का?

होता येईल. महाराष्ट्राच्या सीईटीला कमाल वयाची अट नाही. ४५ वर्षांवरील व्यक्तींना सनद नाकारणारा बार कौन्सिलचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच रद्द केला. बँक, महापालिका किंवा विमा क्षेत्रातला अनुभव या व्यवसायात वाया जात नाही. मात्र हजेरीबाबत प्रश्न ५ मधील सर्व गोष्टी तुम्हालाही लागू आहेत.

२०. एलएल.एम. लगेच करावे का?

शिकवायचे असेल तर करावे, कारण सहायक प्राध्यापक होण्यासाठी एलएल.एम. आणि सोबत नेट किंवा सेट लागते. कोर्टात जायचे असेल तर घाई नको. दोन-तीन वर्षांच्या कामानंतर स्वतःचा विषय सापडतो.

२१. मुंबईत सनद घेऊन गावी, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात, वकिली करता येते का?

येते. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद दोन्ही राज्यांसाठी एकच आहे, आणि अधिवक्ता अधिनियमाचे ३० वे कलम जून २०११ पासून लागू झाल्याने नोंदणीकृत वकील भारतातील कोणत्याही न्यायालयात उभा राहू शकतो. कायमचे दुसऱ्या राज्यात जायचे असल्यास कलम १८ खाली नोंदणी तेथील बार कौन्सिलकडे विनाशुल्क हलवता येते. गावी जाण्याचा विचार असेल, तर शिकत असतानाच्या दोन सुट्ट्या तेथील तालुका कोर्टात आणि तहसील कार्यालयात घालवाव्यात. वाटप, कूळ, वहिवाट आणि रस्त्याचे वाद तेथे महसुली नोंदींवर चालतात, आणि फेरफाराची नोंद कशी वाचायची हे मुंबईच्या वर्गात शिकायला मिळत नाही. आधी तालुक्याच्या बार असोसिएशनच्या खोलीत जाऊन ज्येष्ठ वकिलांना भेटावे. काम कोणते येते आणि ज्युनियरची गरज कोणाला आहे, हे तेथेच समजते.